कस नसलेला पाव

“एवढंच सांगा माई, यात आहे काय?”

भार्गवराव खानोलकरांनी हातातला पाव माईंच्या समोर धरला. लांबट, पांढराशुभ्र, मधोमध चीर दिलेला. गाडीवर त्यात सॉसेज भरतात आणि हॉटडॉग म्हणून विकतात. आत्ता तो नुसताच होता, आत काही नव्हतं.

माई खांबाला टेकून बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, तोंडात दात चार, आणि त्या चारांचंही आपसांत पटत नव्हतं.

“पाव आहे,” माई म्हणाल्या.

“ते मलाही दिसतंय. पावात काय आहे?”

“तू सांग. शिकलेला तू आहेस.”

ते खरं होतं. भार्गवरावांनी कृषी महाविद्यालयात बावीस वर्षं आहारशास्त्र शिकवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी नोकरी सोडून ते घाटमाथ्यावरच्या या मठात आले. येताना घर सोडलं, पद सोडलं, चहासुद्धा सोडला. फक्त पहिला नंबर सोडायचा राहून गेला.

अंगणात चौदा माणसं पानावर बसली होती. वाढून झालं होतं. वरण निवायला लागलं होतं, तरी कुणी अन्नाला बोट लावत नव्हतं.

मठाची रीतच तशी होती. दुपारी बारा वाजता माई एका माणसाच्या हातून एक घास घेत. तो घास पोटात गेला की पंगत वाढणारी सगुणामावशी घंटा वाजवी आणि मग मठ जेवायला लागे. माईंनी घास घेतला नाही, तर मठ उपाशी. ही रीत माईंच्या गुरूंनी घातलेली. त्यांच्या वेळी पहिला घास माईंच्या हातचा असायचा, आणि पुढे मठही माईंकडेच आला. त्यामुळे ज्याचा घास त्याचा मठ, असं तोंडानं कुणी म्हणत नव्हतं. पण मनात सगळे तेच धरून होते. भार्गवराव तर फारच घट्ट धरून होते.

अकरा वर्षं तो घास त्यांच्या हातचा होता. पहाटे उठायचं, नाचणीची उकड काढायची, भाकरी थापायची, ताकात भिजवून ठेवायची. नाचणी कुठली, किती, कशी भाजलेली, हे सगळं ठरलेलं. माईंच्या हाडांची काळजी माईंपेक्षा त्यांनाच जास्त.

आणि मग दिवाळी संपल्यावर इनास आला.

इनास मूळचा वसईचा. मठाच्या खाली, जिथे दरी बघायला लोक येतात तिथे, त्यानं हॉटडॉगची हातगाडी लावली. गाडीला पाणी लागायचं, आणि पाणी मठाच्या विहिरीला. पहिल्याच दिवशी तो कळशी घेऊन वर आला. पाणी फुकट कसं न्यायचं, म्हणून कागदात गुंडाळून एक पाव घेऊन आला. बरोबर बाराला आला. भार्गवराव भाकरीचा घास हातात धरून उभे होते. माईंनी त्या घासाकडे पाहिलं, पावाकडे पाहिलं, आणि तोंड पावाकडे वळवलं.

त्या दिवशी भार्गवरावांचा हात हवेतच राहिला. तो अजून खाली आलेला नाही, असं सगुणामावशी म्हणते.

तेव्हापासून रोज बाराला गाडीवर फडकं टाकून इनास एकशेदहा पायऱ्या चढून येई. माई त्याच्या हातून पावाचा एक घास घेत. घंटा वाजे. त्यानंतर माई भार्गवरावांची भाकरी खात, आणि वाडगा निपटून खात. म्हणजे एक घास इनासचा, भाकरी अख्खी भार्गवरावांची. एका घासानं कुणाचं पोषण बिघडत नाही, हे आहारशास्त्राच्या प्राध्यापकाला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण अख्खी भाकरी त्यांना दिसेनाशी झाली होती. दिसायचा तो तेवढा एक घास.

चार महिने त्यांनी तो पाहिला. अकरा वाजल्यापासून त्यांचे कान पायऱ्यांकडे लागत. इनासच्या चपलांचा आवाज आला की हातातलं काम थांबे. नाही आला, तरी थांबे, कारण तो येणार हे माहीत असे. जप करताना मण्यांच्या ऐवजी पायऱ्या मोजल्या जात. स्वतःच थापलेली भाकरी त्यांच्या घशाखाली उतरेना. उतरली तरी फळेना. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला.

“खाल्लेलं अंगी लागत नाही तुमच्या, सर,” सगुणामावशी म्हणाली होती.

“वय झालं,” भार्गवराव म्हणाले होते.

आठवड्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. दरवाजात उभे राहिले आणि वर आलेल्या इनासला म्हणाले, “माईंना आज मौन आहे. काही घेणार नाहीत.”

इनासनं मान हलवली आणि पाव घेऊन खाली गेला.

बारा वाजले. भार्गवराव भाकरीचा घास घेऊन पुढे झाले. माईंनी तोंड उघडलं नाही. एक वाजला. दोन वाजले. माई पायऱ्यांकडे बघत बसल्या. चौदा माणसं पानावर बसून राहिली. चार वाजता दोघं जण भिंतीला टेकून झोपले. ऊन कलल्यावर गाडी आवरून इनास पुन्हा वर आला. म्हणाला, “मौन सुटलं असेल, म्हणून आलो.” कागदात तोच सकाळचा पाव होता. माईंनी घास घेतला, घंटा वाजली, आणि लोक संध्याकाळी दुपारचं जेवले.

माईंनी कुणाला काही विचारलं नाही. भार्गवरावांना ते फार लागलं. रागावल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते खाली गेले, इनासच्या गाडीवरून एक पाव विकत घेतला, आणि तालुक्याच्या गावी तपासणीला पाठवून दिला. त्याचा कागद आज सकाळी आला होता. म्हणून आज त्यांनी शेवटच्या पायरीवर इनासच्या हातून पाव काढून घेतला आणि तोच माईंच्या समोर धरला होता.

इनास पायरीवरच उभा होता. डोक्यावरची टोपी काढून त्यानं हातात धरली होती.

“सांगतो,” भार्गवराव म्हणाले. त्यांनी खिशातून कागद काढला. “वजन चव्वेचाळीस ग्रॅम. त्यात बावीस ग्रॅम नुसतं पिष्ट. वरून घातलेली साखर, तीन ग्रॅम. मीठ आहे. तेल आहे. तंतू...”

ते थांबले. हा त्यांचा आवडता शब्द होता.

“तंतू, माई, एक ग्रॅमसुद्धा नाहीत.”

“अरेरे,” माई म्हणाल्या.

“गव्हाचा कोंडा काढला, अंकुर काढला. चांगलं होतं ते गुरांच्या पुढ्यात गेलं. उरला तो मैदा. त्याचा हा पाव. खाल्ला की रक्तातली साखर सरसर वर चढते, सरसर खाली येते. तासाभरात माणसाला पुन्हा भूक.”

“पुन्हा भूक लागते?”

“लागते.”

“बरं असतं ते.”

पानावरच्या कुणाला तरी हसू आलं. ते त्यानं खोकल्यात घातलं.

भार्गवराव तापले. “तुम्ही थट्टेवारी नेऊ नका, माई. नाचणीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. हाडांना लागतं ते आहे, रक्ताला लागतं ते आहे. अकरा वर्षं मी तुम्हाला...” आवाज जरा चिरकला. त्यांनी तो सावरला. “यात काही कस नाही. रिकामा आहे हा.”

माईंनी पायरीकडे पाहिलं. “इनास, तुझं काय म्हणणं?”

“सर बरोबर बोलतात, माई,” इनास म्हणाला. “आमच्या घरी पण तांदळाची भाकरीच असते. हा पाव काय, गाडीपुरता.”

शत्रूनं आपलीच बाजू घेतली की माणसाची फार पंचाईत होते. भार्गवरावांना क्षणभर पुढचा मुद्दाच सापडेना. मग सापडला.

“आणि हा असला पाव तू आमच्या माईंना देतोस? तोही उरलासुरला?”

“उरलेला नाय, सर.”

“मग?”

“पहिला.” इनासनं टोपी या हातातून त्या हातात घेतली. “सकाळी पुडा फोडला की वरचा पहिला पाव बाजूला ठेवतो. बोहनीच्या आधी. मग गाडी चालू करतो. तो विकत नाय.”

“कुणी मागितला तरी?”

“एकदा सगळे संपले होते. चार पोरं आली होती मोटारीतून, भुकेली. तो एकच होता. नाय दिला.” तो ओशाळून हसला. “द्यायला पाहिजे होता का, माई?”

माई त्याच्या हातातल्या टोपीकडे बघत राहिल्या.

भार्गवरावांच्या मनात आलं, आपणही पहिलीच भाकरी माईंची करतो. पहिली, गोल, न फाटलेली. हे आपल्याला वाटलं होतं आपलंच आहे. एकट्याचं. आणि हा गाडीवाला, ज्याला तंतू म्हणजे काय ते माहीत नाही, तोही तेच करत होता, आणि कुणाला न सांगता.

हेवा आधी जळत होता तो आता भडकला. आपल्यापेक्षा वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं, त्याला निदान नावं ठेवता येतात. इनासला नावं ठेवायला जागा उरली नाही, याचाच भार्गवरावांना जास्त राग आला.

“दाखवतो,” ते म्हणाले.

“काय?”

“यात किती आहे ते. बोलून पटत नसेल, तर बघा.”

त्यांनी तो पाव उजव्या मुठीत धरला आणि दाबला. पावानं काहीच विरोध केला नाही. तो मुठीत बसत गेला. भार्गवराव दाबत राहिले. दात आवळले, मनगटाची शीर वर आली. चार महिन्यांच्या दुपारी त्यांनी त्या एका मुठीत घातल्या.

मग त्यांनी मूठ उघडली.

तळहातावर लिंबाएवढा गोळा होता. त्यावर पाच बोटांचे ठसे.

“हे एवढं,” भार्गवराव म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “बाकी हवा.”

पानावरच्या माणसांनी माना वर केल्या.

इनासनं मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. सगुणामावशी घंटेची दोरी धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, “अहो सर, पण तो घासाचा होता.”

तेव्हा कुठे भार्गवरावांच्या ध्यानात आलं. बारा वाजून गेले होते. घास उरला नव्हता. चौदा माणसं आपल्याकडे बघताहेत, आणि मागच्या आठवड्यासारखीच आज पुन्हा उपाशी राहणार, तीही आपल्यामुळे.

ते हात तसाच पुढे धरून उभे राहिले. खाली घ्यावा की झटकून टाकावा, कळेना.

माई खांबाचा आधार घेऊन उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला. दोन पावलं पुढे आल्या. भार्गवरावांचं मनगट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, तो तळहात आपल्या तोंडाशी ओढला, आणि वाकून तो चिरडलेला गोळा ओठांनी उचलला.

चार दातांनी तो चावता येण्यासारखा नव्हता. माईंनी तो या गालात घेतला, त्या गालात घेतला...

बराच वेळ गेला.

मग त्यांनी गिळला.

सगुणामावशीनं दोरी ओढली. घंटा वाजली. चौदा माणसांनी एकदम पानाकडे हात नेले.

भार्गवरावांचा तळहात ओला झाला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. चार महिन्यांनी माईंनी त्यांच्या हातून पहिला घास घेतला होता. सगळ्यांच्या देखत घेतला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. छाती भरून आली, आणि भरता भरता मधेच अडकली. घास आपल्या हातातून गेला, पण पाव तर इनासचा.

त्यांनी पायरीकडे पाहिलं.

इनास हसत होता. त्यात टोचणारं काही नव्हतं. हातची वस्तू वाया गेली नाही म्हणून माणूस हसतो, तसं.

“बरं झालं सर,” तो म्हणाला. “आज तुमच्या हातनं गेला.”

त्यानं टोपी डोक्यावर घातली. “गाडी तशीच टाकून आलोय, माई.” आणि तो पायऱ्या उतरायला लागला. चपलांचा आवाज येत राहिला. भार्गवरावांनी सवयीनं मोजायला सुरुवात केली आणि नवव्या पायरीवर सोडून दिली.

माई पुन्हा खांबाशी जाऊन बसल्या. त्यांनी भाकरीचा वाडगा पुढे ओढला आणि रोजच्यासारखी बोटानं कुस्करायला घेतली.

“माई...”

“हं.”

“आजचा घास कुणाचा झाला? त्याचा की माझा?”

माईंनी एक घास खाल्ला. “ताक आंबट झालंय आज,” त्या म्हणाल्या.

भार्गवराव त्यांच्यासमोर खाली बसले. हातातला कागद त्यांनी घडी करून मांडीखाली सारला. सांगायचं ते सांगून टाकावं, असं त्यांना एकाएकी वाटलं.

“त्या दिवशी मौन नव्हतं, माई. मी त्याला खोटं सांगितलं.”

“ठाऊक आहे.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मौन मला होतं ना रे? मला नाही कळणार?”

भार्गवरावांनी मान खाली घातली. पंगतीत कुणी तरी पुन्हा वरण मागितलं. सगुणामावशी वाढायला गेली.

“पावाचं ते... सगळं खरं आहे,” भार्गवराव म्हणाले. “आकडे खरे आहेत.”

“असणारच. तू खोटे आकडे आणायचा नाहीस.”

“पण मी ते तुमच्या हाडांसाठी आणले नव्हते.”

“हं.”

“मला त्याचा हेवा वाटतो, माई.” हे वाक्य बाहेर पडायला चार महिने लागले होते. पडलं तेव्हा फार लहान वाटलं. “सकाळी उठलो की वाटतो. जपात वाटतो. तो आला की वाटतो, नाही आला की वाटतो. माझंच अन्न मला गोड लागत नाही. बघा ना, सदरा कसा झालाय.”

माईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आधी लोंबणारा सदरा पाहिला, मग खांद्याची हाडं. वाडग्यातली अर्धी भाकरी त्यांनी भार्गवरावांच्या ओल्या तळहातावर ठेवली.

भार्गवरावांनी ती तोंडात घातली नाही. हातात धरून बसले.

“त्या पावात काही कस नाही, म्हणालास ना...” माई म्हणाल्या. “मग तुझ्या हेव्यानं चार महिन्यांत एवढं बाळसं कशावर धरलं?”